पुढच्या दोन दातांतली फट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दंतवैद्य आहे आणि माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत ३ मिलिमीटरची फट आहे. काम संपवून मास्क खाली केला की समोरच्याची नजर आधी तिथे जाते, आणि मग प्रश्न सुरू होतात. काही तोंडी, काही लिहून पाठवलेले, काही "माझ्या मैत्रिणीला विचारायचं होतं" या सदरातले. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः फट आहे तशी ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहेत. बुजवायचा सल्ला देणारे तुम्हाला न शोधता भेटतील.

१. माझ्या पुढच्या दातांत फट आहे. हा आजार आहे का?

नाही. दंतशास्त्रात तिला डायस्टेमा म्हणतात. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'मधलं अंतर' एवढाच. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अंतर असलं की हे नाव लावतात. भारदस्त नाव कानावर पडलं की माणसं घाबरतात, पण घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत जी मोकळी जागा असते, जिथे लगामाची कडी बसते, तिलाही डायस्टेमाच म्हणतात. घोड्याला त्याचं काही वाटत नाही.

हिरडी घट्ट आहे, ब्रश करताना रक्त येत नाही, दात हलत नाहीत आणि फट तुम्हाला आठवतं तेव्हापासून तेवढीच आहे, तर ती तुमच्या तोंडाची ठेवण आहे. फट नवी असेल किंवा वाढत असेल, तर मात्र थेट प्रश्न ६ वाचा.

२. ती पडते तरी कशामुळे?

बहुतेकदा हिशेब साधा असतो: जबडा मोठा, दात लहान. जागा उरते आणि ती कुठेतरी दिसते. दात आईच्या बाजूकडून आणि जबडा वडिलांच्या बाजूकडून (किंवा उलट) घेतला की असं होणं साहजिकच आहे. फट घराण्यात चालत येते. जुन्या फोटोंमध्ये आत्याचं किंवा आजोबांचं हसू नीट पाहा.

इतरही कारणं असतात. मधल्या दोन दातांच्या शेजारचे दात काहींना जन्मतःच नसतात, किंवा बारीक खुंटीसारखे असतात. मग मधले दात मोकळ्या जागेकडे सरकतात. काहींच्या हाडात बरोबर मध्यभागी एक जादा दात अडकलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, एक्स-रेमध्येच सापडतो. लहानपणी बरीच वर्षं अंगठा चोखणं किंवा गिळताना जीभ दातांवर रेटणं यानेही दात पुढे येऊन विरळ होतात. ओठाच्या आतल्या पडद्यावरही पुष्कळ खापर फुटतं. त्याचं वेगळं उत्तर पुढे आहे.

३. वरच्या ओठाच्या आतला पडदा कापला की फट आपोआप मिटते असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धंमुर्धं. आरशासमोर वरचा ओठ उचलून पाहा. ओठ आणि हिरडी यांना जोडणारी एक पातळ घडी दिसेल. तिला फ्रेनम म्हणतात. ती सगळ्यांनाच असते. काहींची जाड असते आणि खाली येऊन थेट दोन दातांच्या मधल्या हिरडीत शिरते. ओठ ताणल्यावर दातांमधली हिरडी पांढरी पडत असेल, तर घडी तिथपर्यंत पोचली आहे असं समजायचं.

पण नुसती घडी कापून फट मिटेल याची खात्री नसते. दात जागचे सरकवायला तारा किंवा अलाइनर (दातांवर चढवायची पारदर्शक, काढता-घालता येणारी कवचं) लागतातच. त्यातही कापायचं काम सहसा फट मिटवल्यानंतर करतात, कारण आधी कापलं तर तिथे होणारा घट्ट व्रण दात जवळ यायला अडथळा करू शकतो. फट ठेवायचीच असेल आणि हिरडी निरोगी असेल, तर त्या घडीला हात लावायचं कारणच नाही.

४. माझ्या मुलीचे नवे दात फट घेऊनच आले. ती आठ वर्षांची आहे. आत्ताच तारा लावू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेकदा 'थांबा' हेच असतं.

वरचे मधले पक्के दात साधारण ७ ते ८ व्या वर्षी येतात, त्यांच्या शेजारचे ८ ते ९ व्या वर्षी आणि सुळे ११ ते १२ व्या वर्षी. सुळे येण्याआधी ते हाडात वर, शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात. मुळं आत दाबली जातात आणि दातांची टोकं पंख्यासारखी बाहेर फाकतात. म्हणून त्या वयात मुलांचं हसू विस्कटलेलं दिसतं. अमेरिकन दंतवैद्य होली ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या टप्प्याला 'अग्ली डकलिंग', म्हणजे कुरूप बदकपिल्लाचा टप्पा, असं नाव दिलं. नाव मला आवडत नाही (कुठल्या आठ वर्षांच्या पोरीला ते सांगायचं?), पण त्यातला मुद्दा खरा आहे: सुळे खाली उतरले की दाब फिरतो आणि दात जवळ येतात. २ मिलिमीटरपर्यंतची फट पुष्कळदा अशी आपोआप मिटते. त्याहून मोठी असेल तर पूर्ण मिटण्याची शक्यता कमी.

थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही. एक मधला दात आला आणि दुसरा सहा महिने उलटूनही आला नाही, किंवा शेजारचा दात मधल्याच्या आधी उगवला, तर एक्स-रे काढून घ्या. जादा दात वाट अडवून बसलेला असू शकतो.

आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या दुधाच्या दातांतल्या फटींची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पेढे मागते. त्या फटी हव्याच असतात. पक्के दात आकाराने मोठे असतात, त्यांना ती जागा लागते. दुधाचे दात खेटून असतील तर पुढे गर्दीची शक्यता जास्त.

५. फट तशीच ठेवली तर म्हातारपणी दात लवकर पडतील का?

फटीमुळे नाही. दात पडतात ते कीड आणि हिरडीच्या आजारामुळे, आणि फटीच्या जागी दोन दात एकमेकांना टेकत नसल्याने तिथे कीड लागण्याची जागा उलट कमीच असते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मोठ्या फटीतल्या हिरडीवर चावताना कडक तुकडा थेट आपटू शकतो. आणि तुमचा चावा खोल असेल, म्हणजे खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला टोचत असतील, तर तो तपासून घ्या. तिथे दुखणं फटीचं नसतं, चाव्याचं असतं.

६. माझ्या दातांत फट नव्हती. गेल्या दोन वर्षांत पडली आणि वाढतेय. ही पण 'सुंदरच' मानायची का?

नाही. इथे मी एकदम दुसऱ्या बाजूला उभी राहते. जुनी फट चेहऱ्याचा भाग असते, नवी फट निरोप घेऊन आलेली असते.

मोठ्या वयात दात फाकायला लागण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हिरडीचा आजार हे आहे. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि जीभ, ओठ, चावा यांच्या रोजच्या दाबाला दात हळूहळू वश होतो. तो पुढे येतो, थोडा लांब दिसतो, शेजाऱ्यापासून दूर जातो. दुखत काहीच नाही, म्हणून लोक उशिरा येतात. रक्त येणं, तोंडाला वास, दात किंचित हलणं या खुणा सोबत असतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये रक्त कमी येऊ शकतं, त्यामुळे 'रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक' असं धरून चालू नका. अनियंत्रित मधुमेहात हा आजार बळावतो.

मागच्या दाढा काढल्या आणि त्यांच्या जागी काही बसवलं नाही, तर चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो आणि ते फाकतात. जिभेला टोचून घातलेल्या दागिन्याशी सतत चाळा करत तो दातांत ढकलत राहिल्यानेही फट पडू शकते.

एक विरळ कारण सांगून ठेवते, कारण ते चुकू नये. सगळेच दात सुटे होत चाललेत, खालचा जबडा पुढे येतोय, अंगठी बोटात जात नाही, चपलांचं माप वाढलंय, असं सगळं एकत्र दिसत असेल तर डॉक्टरांकडे जा. पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त स्रवू लागलं की ॲक्रोमेगली नावाचा आजार होतो, आणि कधीकधी त्याची पहिली कुणकुण दातांतल्या फटींवरून लागते.

७. फटीची वेगळी काही निगा राखावी लागते का?

फार नाही. रुंद फटीत फ्लॉसचा धागा नुसता लोंबतो, त्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशची बारीक आवृत्ती असते तसा इंटरडेंटल ब्रश चांगला. फटीत बसेल पण रेटावा लागणार नाही अशा मापाचा घ्या. फटीकडच्या दोन्ही कडा मऊ ब्रश उभा धरून साफ करता येतात.

गंमत अशी, की अडचण मोठ्या फटीची नसते, अगदी चिंचोळ्या फटीची असते. मोठीतून घास निघून जातो, चिंचोळीत तंतू अडकून बसतो. रोज त्याच जागी अडकत असेल आणि हिरडी सुजत असेल तर दाखवा. आणि टाचणी, काडी, सुईने कोरू नका. हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणते.

८. 'स' म्हणताना शीळ वाजते. फटीमुळेच ना?

असू शकतं. 'स' म्हणताना जिभेच्या टोकाजवळून हवेची बारीक धार दातांवर आदळते. मध्ये फट असली तर ती धार तिथून निसटते आणि शीळ येते. मराठीत 'चाक', 'जादू' यांतले दंत्य उच्चारही त्याच जागेचे, तेही कधी ओले होतात. पण फट असणारे बहुसंख्य लोक स्वच्छ बोलतात, कारण बोलायला शिकतानाच जीभ आपली जागा शोधून घेते.

मुलं बोबडी बोलतात त्याचा दोष सरसकट फटीला देऊ नका. जीभ दातांच्या मध्ये येत असेल तर फट बुजवूनही उच्चार तसाच राहतो. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ. याउलट, वर्षानुवर्षांची फट एका दिवसात बुजवली की काही दिवस माणूस अडखळतो, हेही मी पाहिलं आहे.

९. फट असणारे नशीबवान असतात म्हणे?

माझ्या नशिबाचा पुरावा देता येणार नाही. फ्रेंच भाषेत मात्र अशा दातांना चक्क 'दाँ द्यु बोनर' म्हणतात, म्हणजे सुखाचे दात. त्यामागे एक गोष्ट सांगितली जाते: नेपोलियनच्या काळात बंदूक भरताना सैनिकाला काडतुसाचा कागद पुढच्या दातांनी फाडावा लागे. ज्याच्या दातांत फट, त्याला ते जमणार नाही म्हणून सैन्यातून सूट, म्हणून तो सुखी. काडतुसं दातांनी फाडत हे खरं. बाकीची गोष्ट, गोष्ट म्हणून छान आहे.

१०. फोटोत ओठ मिटूनच हसते. ही सवय जाईल का?

माझी गेली, पण ठरवून नाही. कॉलेजपर्यंतच्या एकाही फोटोत माझे दात नाहीत. हसू आलं की हात तोंडावर जायचा. पुढे दोन्ही हात कामात गुंतलेले असायला लागले आणि हसू मोकळं सुटलं.

लॉरेन हटन या अमेरिकन मॉडेलने सुरुवातीच्या काळात छायाचित्रांसाठी आपल्या फटीत मेण भरलं होतं. पुढे ते सोडलं आणि १९७३ मध्ये रेव्हलॉन कंपनीने तिच्याशी मोठा करार केला, त्याच हसण्यासकट. हे सांगितलं की लोक म्हणतात, "ती मॉडेल आहे, तिचं काय!" तेही बरोबर. म्हणून मी करून बघण्याजोगी एकच गोष्ट सुचवते: फोनमधले सौंदर्याचे फिल्टर बंद करा. काही फिल्टर न विचारता फट भरून टाकतात आणि मग आरशातला चेहरा चुकीचा वाटायला लागतो. ओठ मिटून हसणं हे काही पाप नाही. पण खळखळून हसताना हात तोंडाकडे जात असेल, तर हसू अर्ध्यात थांबतं. लक्ष ठेवायचंच तर त्या हातावर ठेवा.

११. घरचे मागे लागलेत: "लग्नाआधी दात करून घे." काय सांगू?

"दंतवैद्याने तपासलंय, दात निरोगी आहेत." हे वाक्य आधी खरं करून घ्या, मग बोला. आरोग्याचा मुद्दा संपला की उरतं ते 'लोक काय म्हणतील', आणि त्यावर उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं. एक सांगते: घाईत, तारखेच्या दडपणाखाली घेतलेले दातांचे निर्णय मी सगळ्यात जास्त निस्तरले आहेत. तुम्हाला स्वतःला फट नको असेल तर ती बुजवण्यातही काही कमीपणा नाही. मात्र प्रश्न १४ वाचून मग जा.

१२. शाळेत मुलाला फटीवरून चिडवतात. त्याला काय सांगावं?

"तू किती सुंदर दिसतोस" याने त्याचं समाधान होत नाही, तुम्ही आई-बाबा आहात हे त्याला माहीत असतं. त्यापेक्षा माहिती द्या: फट का आहे, सुळे कधी येतील, घरात आणखी कुणाला होती. कारण ठाऊक असलं की पोरं स्वतःच उत्तरं तयार करतात. माझ्याकडे येणारा एक नऊ वर्षांचा मुलगा "माझे सुळे अजून वरच्या मजल्यावर आहेत" असं वर्गात सांगत असे. चिडवणं रोजचं असेल, तो शाळा टाळत असेल, तर प्रश्न दातांचा राहिलेला नाही. शिक्षकांशी बोला.

१३. दोन दातांभोवती रबर घालून फट घरीच मिटवता येते असं व्हिडिओत दाखवतात. करू का?

अजिबात नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दाताचं मूळ वर निमुळतं असतं. दोन दातांना घातलेलं रबर हळूहळू त्या उतारावरून हिरडीच्या आत सरकतं आणि दिसेनासं होतं. माणसाला वाटतं, पडलं असेल. ते मुळांना आवळत वर चढत राहतं, वाटेतले तंतू आणि हाड खात जातं. रबर एक्स-रेवर सहजी दिसत नाही. हिरडी सुजते, दात लांब होतात, हलायला लागतात, आणि निरोगी असलेले दोन्ही पुढचे दात गमवावे लागू शकतात. रबर घालून ते हरवलं असेल तर आजच दाखवा, आणि रबर घातलं होतं हे लाजून लपवू नका. तपासणाऱ्याला ते कळलं तरच तो शोधेल.

१४. मला ठरवता येत नाहीये. बुजवून कशी दिसेन हे आधी पाहता येतं का?

येतं, आणि पाहावंच. दाताच्या रंगाचं कंपोझिट (दातात भरतात ते मऊ, नंतर कडक होणारं मिश्रण) दातावर काहीही न घासता, न चिकटवता तात्पुरतं लावून दाखवता येतं. आरशात पाहा, बोलून पाहा, मग ते काढून टाकतात. ते काढल्यावर कित्येक जण "हुश्श" म्हणतात.

त्यानंतरही बुजवायचीच असेल, तर परतीची वाट कुठे उरते ते विचारा. चिकटवलेलं कंपोझिट बऱ्याच अंशी परत काढता येतं, पण काही वर्षांत डागाळतं, टवका उडतो. व्हिनिअरसाठी, म्हणजे दातावर समोरून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी, बहुधा इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) घासावं लागतं, आणि इनॅमल पुन्हा येत नाही. तारा किंवा अलाइनरने दात खरोखर सरकतात, पण मधली फट परत उघडण्यात पटाईत असते, म्हणून मागून एक बारीक तार कायमची चिकटवून ठेवतात.

१५. बाकीचे दात वेडेवाकडे आहेत. ते सरळ करून फट तेवढी ठेवता येईल का?

हो, पण हे पहिल्याच भेटीत सांगा. दात सरळ करणाऱ्याच्या आराखड्यात फट मिटवणं गृहीतच धरलेलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत तर तो विचारणारही नाही. अलाइनर असतील तर शेवटचं चित्र संगणकावर आधी पाहायला मिळतं. फट किती मिलिमीटर राहणार ते तिथे बघून होकार द्या. काही वेळा फट ठेवल्याने वरच्या-खालच्या दातांचा मेळ बसत नाही, तेव्हा थोडी कमी करावी लागते.

१६. मला फट नाही, पण हवी आहे. करून देता का?

नाही. फॅशनचं विचाराल तर ती दोन्हीकडे फिरते. अमेरिकेतल्या मॉडेलिंगच्या एका गाजलेल्या टीव्ही स्पर्धेत २००६ मध्ये एका मुलीवर फट बुजवण्यासाठी दबाव आणला गेला, आणि त्याच स्पर्धेत २०१० मध्ये दुसरीची फट मुद्दाम रुंद केली गेली. दात मात्र तेच राहतात आणि घासलेलं इनॅमल गेलं ते गेलं.

१७. अपघातात एक पुढचा दात गेला. नवा बसवताना जुनी फट परत मिळेल का?

मिळेल, पण पद्धतीवर अवलंबून आहे. इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवर, एकटा दात उभा राहतो, त्यामुळे शेजारी जागा सोडता येते. ब्रिज मात्र शेजारच्या दाताला जोडलेला असतो. जोड फटीच्या बाजूने घेतला तर फट भरली जाते, दुसऱ्या बाजूने घेतला तर कधी कधी वाचवता येते. नुसत्या जागेच्या मापाचा दात केला तर तो मूळ दाताहून रुंद होतो आणि हसू ओळखीचं वाटत नाही.

पूर्ण कवळी करतानाही फट ठेवता येते. दात मेणात मांडून दाखवतात तेव्हाच सांगायचं. कवळी शिजून पक्की झाल्यावर नाही. माझ्याकडच्या एका आजींनी पहिली कवळी परत केली होती, कारण "हे दात माझे नाहीत, शेजारणीचे आहेत." दुसऱ्या वेळी मधे २ मिलिमीटर सोडले. येताना जुना फोटो घेऊन या, शक्यतो समोरून काढलेला, आणि हसताना दात दिसत असलेला. ओठ मिटलेल्या फोटोंचा मला काही उपयोग नाही.